हरकतीच्या पत्रकावरचं पहिलं नाव

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाचे खिळे लावून मजकूर जुळवायचे. शाई फिसकटलेले, कडेला तिरपे छापले गेलेले कागद ते घरी आणायचे. कोरी बाजू आम्हा भावंडांच्या गणितासाठी आणि छापलेली बाजू, घरात दुसरं काही नसल्यामुळे, माझ्या वाचनासाठी. संपाची पत्रकं, निवडणुकीची, जयंतीच्या कार्यक्रमांची, नळासाठी निघालेल्या हंडा मोर्चाची. दहाव्या वर्षी मला 'जाहीर निषेध' आणि 'जाहीर आवाहन' यांतला फरक कळत होता. गोष्टीची पुस्तकं फार उशिरा हातात आली, आणि तीही मला मिळमिळीत वाटली. त्यांत कुणी कुणाला काही करायला सांगतच नव्हतं.

पत्रकाच्या शेवटी नावं असतात. 'आपले नम्र' असं लिहून खाली एकाखाली एक. मजकूर जुळवून झाला आणि पानाच्या तळाशी जागा उरली की कार्यकर्ते वडिलांसमोर उभ्याउभ्या नावं सांगायचे. "ह्यांचं घ्या, त्यांचं घ्या, मास्तरांचं राहिलं, ते घ्या." ज्यांची नावं त्यांना विचारायची पद्धत नव्हती. आपला माणूस, त्याला काय विचारायचं? नाव छापलं म्हणून कुणी भांडायला आल्याचं वडिलांना आठवत नव्हतं. नाव राहिलं म्हणून दोघेतिघे दर जयंतीला यायचे.

ही पद्धत मी पत्रकांबरोबरच शिकले, आणि तिच्यात काही चूक आहे असं मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत वाटलं नाही.

आमची वस्ती शहराच्या कडेला, नाल्याच्या अलीकडे होती. बहुतेक घरं बौद्धांची. कुणी कचेरीत शिपाई, कुणी कारकून, दोनतीन शाळामास्तर, काहीजण रोज सकाळी ओझरच्या कारखान्याच्या बसला पळणारे. विहाराला लागून एक खोली होती. तीच वाचनालय, तीच सभेची जागा. वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, माझी आत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण. तिच्या दोन खोल्या होत्या, एक रस्त्याकडे आणि एक मागे. तिचा नवरा नाल्यापलीकडच्या हातभट्टीची पिऊन पिऊन गेला होता. तो गेल्यावर वर्षाच्या आत आत्या सातआठ बायका घेऊन त्या भट्टीवर चालून गेली आणि तिने मडकी फोडली. तेव्हापासून दारूचा विषय निघाला की वस्तीला आत्या आठवायची. एरवी ती एका खासगी दवाखान्यात झाडलोट करायची आणि फारसं बोलायची नाही.

तिला एकच मुलगी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. आणीबाणी उठल्याच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तिला देवळ्याकडच्या एका अध्यापक विद्यालयात जागा मिळाली. दोन वर्षं वसतिगृहात राहायचं आणि मग मास्तरीण. फी माफ होती, खानावळ माफ नव्हती. आत्याने वडिलांना सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "होईल काहीतरी, आक्का." आमच्या घरात 'होईल काहीतरी' एवढंच द्यायला असायचं. ती कुठून काय करणार हे पुढे आम्ही कुणी विचारलं नाही.

त्याच महिन्यात नगरपालिकेची नोटीस विजेच्या खांबावर लागली. अमुक इसमाने अमुक क्रमांकाच्या घरातील रस्त्याकडील खोलीत देशी दारूच्या किरकोळ विक्रीचं दुकान काढण्यासाठी ना हरकत दाखला मागितला आहे. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. परवाना वरून मिळायचा, पण नगरपालिकेने नाही म्हटलं तर वर कागद सरकत नसे, असं आमच्या वॉर्डाचे नगरसेवक सांगत.

घराचा क्रमांक कुणाचा, हे नोटीस वाचणाऱ्या कुणालाच कळलं नाही. वस्तीत आम्ही घरं माणसांवरून ओळखायचो. नगरपालिकेचे क्रमांक फक्त घरपट्टीच्या पावतीवर असायचे. रस्त्याकडे पत्र्याची एक बंद शेड होती, तीच असणार असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. नगरपालिकेत जाऊन चौकशी करायला मला अर्धा दिवस लागला असता. मी तो पत्रक लिहिण्यात घालवला.

तो क्रमांक आत्याच्या घराचा होता. तिने अर्जदाराला रस्त्याकडची खोली भाड्याने द्यायचं कबूल केलं होतं आणि मुद्रांकाच्या कागदावर सही करून दिली होती. मुलीच्या दोन वर्षांच्या खानावळीची सोय तिने तिथे लावली होती. वस्तीत कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीला सांगितलं होतं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पाचव्या शीलापासून सुरुवात केली. मद्य आणि मोह यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा ज्या दारात आपण रोज म्हणतो, त्या दारापासून हाकेच्या अंतरावर हे दुकान, वगैरे. मग मी एक ओळ लिहिली, जिच्यावर मी फार खूश होते: 'जो कुणी या दुकानाला आपली खोली देईल, त्याने आपल्या लेकरांच्या ताटात विष कालवलं असं ही वस्ती समजेल.' खाली 'आपल्या नम्र' आणि बायकांची नावं. ज्यांनी आमच्या हरकतीच्या अर्जावर अंगठे दिले होते त्यांची. तळाशी जागा उरली.

"पहिलं नाव वजनदार पाहिजे," वडील म्हणाले.

"आत्याचं घ्या ना. ते राहिलंच कसं?"

आत्या तेव्हा दवाखान्यात होती. अंगठ्यांसाठी मी दोन संध्याकाळी घरोघर फिरले, तेव्हा तिच्या घराला कुलूप होतं. पुन्हा जायची गरज मला वाटली नव्हती. वडिलांनाही वाटली नाही. त्यांनी तिचं नाव सगळ्यात वर, जाड खिळ्यांत जुळवलं.

पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्याकडे आली. हातात घडी घातलेलं पत्रक होतं. वडील पाय धुऊन बसले होते.

"किती छापली रे?" तिने विचारलं.

"पाचशे."

"समदी वाटली?"

"रस्त्यापासून विहारापर्यंत एक घर सोडलं नाही," मी म्हणाले.

"माझं सोडलं की."

"तुझ्याकडे कशाला देऊ आत्या? तुझंच तर पत्रक."

वडील हसले. "आक्का, नाव बघ कसं घेतलंय. लग्नपत्रिकेचा टाईप हाय तो. मालकाला पत्ता नाय."

"माझ्या लग्नात कुठं पत्रिका व्हती," आत्या म्हणाली. "आता छापलं व्हय नाव."

तिने घडी उलगडली. तिला वाचता यायचं, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून. मुलीनेच शिकवलं होतं. तिचं बोट माझ्या आवडत्या ओळीवर थांबलं. "ही वळ कुणाची?"

"माझी."

"वाचून दाखव."

मी वाचून दाखवली. सभेत वाचावी तशी, 'विष' या शब्दावर जोर देऊन. आत्याने ऐकून घेतलं. "बरं लिव्हतेस," ती म्हणाली. चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि गेली. तिला काही सांगायचं आहे हे मला दिसलं नाही. आपण लिहिलेलं आवडलं म्हणून ती पुन्हा ऐकायला आली, असं मी त्या संध्याकाळी आईला सांगितलं.

हरकतीच्या सुनावणीच्या दिवशी आम्ही चाळीसेक बायका नगरपालिकेवर चालत गेलो. आत्याही निघाली. आम्हाला वाटलं, आमच्याबरोबर. तिला अर्जदाराने बोलावलं होतं, घरमालकीण म्हणून. रस्ताभर आम्ही घोषणा देत होतो आणि ती पदर डोक्यावर घेऊन पुढे चालत होती. मागून एक बाई म्हणाली, "वाघीण गप चालली की समजावं, आज कुणाचं तरी खरं नाय." आत्याने मागे वळून पाहिलं नाही.

सभागृहात एका लांब टेबलामागे समितीचे पाच सदस्य होते. अध्यक्ष म्हातारे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक सदस्य वर्तमानपत्र वाचत होते, ते त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवलं नाही. आधी मी बोलले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं आणि इथे लिहावंसं वाटत नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग अर्जदार उठला. पांढरा सफारी, हातात रेक्झिनची बॅग. आवाज चढा नव्हता.

"साहेब, हरकत दरवेळी येते. दुकान निघायच्या आधी हरकत, निघाल्यावर रांग. माझं म्हणणं एवढंच, जागा ज्यांची त्यांची संमती आहे. हा त्यांचा कागद. बाई इथे हजर आहेत. बाई, या पुढे."

आत्या उठली. ती आमच्या बाजूने बोलायला उठली असं समजून बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

कारकुनाने मुद्रांकाचा कागद घेतला, आमच्या अर्जाला जोडलेलं पत्रक पाहिलं, आणि दोन्ही अध्यक्षांच्या पुढे शेजारी शेजारी ठेवले. अध्यक्ष एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"हे काय हो? खोली द्यायला सही यांची, आणि खोली देणाऱ्याच्या नावाने शिमगा करायला पहिलं नावही यांचंच?"

"बाई ढोलकी दोन्ही बाजूंनी वाजवतात," एक सदस्य म्हणाले. टेबलामागे हशा झाला.

मी आत्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं. इतक्या पत्रकांत इतके खुलासे वाचलेली मी, पण तिथे खुलासा लागलाच नाही. शेड नव्हे. तिचं घर. देवळा. सगळं एकदम कळलं.

अर्जदाराचा चेहरा आता लाल झाला होता. "साहेब, हे पत्रक बनावट आहे. बाईंना न विचारता नाव घातलंय. खाली छापखान्याचं नाव आहे, बघा. छापणारा आणि लिहिणारा, दोघांवर कारवाई मागतो मी. आणि एक नाव खोटं असेल, तर बाकीचे अंगठे खरे कशावरून?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. हे मी आज म्हणते. तेव्हा मला फक्त छापखान्याचं नाव दिसत होतं आणि वडिलांचा चेहरा.

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, सरळ सांगा. हे नाव तुम्हाला विचारून घातलं का?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. पोर पायरीवरून पडलं की आपण जवळ जायच्या आधी लांबूनच कुठे लागलंय का बघतो, तसं ती बघत होती.

"इचारून घातलं," ती म्हणाली.

"मग ही सही?"

"ती बी माझीच. आधी केलती. मन फिरलं."

"काही आगाऊ रक्कम घेतलीत?"

"अजून नाय."

"बाई," अर्जदार म्हणाला, "अहो, तुमच्या मुलीचं..."

"माझ्या पोरीचं मी बघीन. तुमी बसा."

समितीने हरकत मान्य केली. घरमालकीणच नको म्हणते म्हटल्यावर त्यांना फार वेळ लागला नाही. बाहेर पायऱ्यांवर बायकांनी आत्याला उचलायचा प्रयत्न केला. संध्याकाळी वाचनालयाच्या खोलीत तिला हार घातला. आमचे नगरसेवक म्हणाले की मोहाच्या कागदावर सही करूनही ज्या माऊलीने भर सभेत सत्य सांगितलं, तिचा वस्तीला अभिमान आहे. आत्याने हार काढून शेजारच्या लहान मुलीच्या गळ्यात घातला आणि स्वयंपाक राहिलाय म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मी तिला गाठलं. तिच्या कडेवर हंडा होता, मी दुसरा उचलला आणि तिच्याबरोबर चालू लागले.

"आत्या, मला ठाऊक नव्हतं."

"तुला ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक हाय."

"पण तू? दारूच्या दुकानाला तू खोली देणार होतीस? मामा कशाने गेले?"

"भट्टीनं गेले. तवा कुठं सरकारी दुकान व्हतं? पिणाऱ्याला नाल्याची आडकाठी नसती पोरी. मी मडकी फोडली, तिसऱ्या दिवशी नवी आली. तुमी समदे मडकी फोडल्याचं सांगता. तिसऱ्या दिवसाचं कुणी सांगत नाय."

"तरी दारूच्या पैशावर तिला शिकवायचं?"

"मग कशाच्या? तुझ्या पत्रकाच्या?"

तिच्या दारापर्यंत आलो. मी म्हणाले, मी जाऊन अध्यक्षांना खरं सांगते, नाव मीच न विचारता घातलं म्हणून.

"आता गप ऱ्हा," तिने हंडा उतरवला. "तू तोंड उघडलंस की मी भर सभेत खोटं बोलले असं व्हईल. तुझ्या बापाची नोकरी जाईल ती येगळीच. आन् ज्या बायकांनी अंगठे दिले त्यांच्याकडं पुन्यांदा कुणी ढुंकून बघायचं नाय."

"आणि तिला? तिला तरी सांगू दे."

"तिलाबी नाय. ती तुझ्याशी जन्मात बोलायची नाय. माझ्यावर रुसंल, रुसू दे. मी आई हाय, माझ्याशी किती दिवस रुसंल?"

आत्या सहसा चुकत नसे. इथे चुकली.

त्याच दिवशी दुपारी आतेबहीण आमच्याकडे आली. प्रवेशाचं पत्र तिने पिशवीत घालून आणलं होतं, का ते कळलं नाही. ती बसली नाही.

"ताई, एकच विचारते. पत्रकात आईचं नाव तू घातलंस, का तिने सांगितलं?"

मला गप्प राहायला सांगितलं होतं. खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"तिने सांगितलं," मी म्हणाले.

"कधी?"

"छापायच्या आदल्या दिवशी."

"आदल्या दिवशी तिने माझ्यासाठी ट्रंक आणली होती. जुन्या बाजारातून, डोक्यावर." तिने पिशवी काखेत घट्ट धरली. "मन फिरलं म्हणाली ना सभेत. माझ्यावरून फिरलं."

ती गेली. मी तिच्या मागे गेले नाही. मी स्वतःला सांगितलं की हे आत्यासाठी, वडिलांसाठी, अंगठे देणाऱ्या बायकांसाठी. कारणं मला पटकन सुचायची. लहानपणापासून वाचनच तसलं होतं. खरं कारण त्या यादीत नव्हतं. ते पत्रक हे माझ्या आयुष्यातलं पहिलं जिंकणं होतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं.

पावसाळ्यानंतर नाल्यापलीकडे, दुसऱ्या वॉर्डात, त्याच अर्जदाराला जागा मिळाली. तिथून हरकत आली नाही. आली असेल तर तिच्यावर वजनदार नाव नसेल. आमच्या वस्तीतले पिणारे संध्याकाळी फळकुट टाकून केलेल्या पुलावरून पलीकडे जायचे आणि त्याच पुलावरून धडपडत परत यायचे. एक जण पडून पाय मोडून घेऊन बसला. आमच्या बाजूला मात्र दुकान नव्हतं. आमची वस्ती दारूमुक्त, असं जयंतीच्या पत्रकात दरवर्षी छापून यायचं. मीच लिहायचे.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवते. त्या पत्रकात दारूच्या दुकानाबद्दल लिहिलेला एकही शब्द मी मागे घेत नाही. वस्तीच्या तोंडावर ते दुकान नको होतं. पण ज्या बाईने ते तोललं होतं, नवरा एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला ठेवून, तिला विचारायला हवं होतं. तिने कदाचित नाहीच म्हटलं असतं. मग मी पत्रक तिच्या नावाशिवाय काढलं असतं, तिने तिची बाजू मांडली असती, आणि समितीने काय ठरवायचं ते ठरवलं असतं. ती लढाई सरळ झाली असती. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो असतो. मी तिला माझ्या बाजूला छापून टाकलं.

आतेबहीण देवळ्याला गेली नाही. एक वर्ष तिने शिवणकाम केलं. मग तिचं लग्न झालं ते देवळ्याकडच्याच एका गावात, थोडी जमीन आणि कांदा असलेल्या घरात. मुलगा चांगला होता, पीत नव्हता. सणाला ती माहेरी यायची तेव्हा आधी आमच्याकडे यायची, तास तासभर बसायची, मी काय लिहिते ते विचारायची. मग आत्याकडे जायची. तिथे मी दोघींना पाहिलं आहे. "चहा ठेवलाय." "गोळी घेतलीस?" "गाडी साडेचारची हाय." यापलीकडे शब्द नाही. भांडणही नाही. आत्या तिच्या पाठीकडे बघत बसायची.

दरवेळी मी ठरवायचे, या खेपेला सांगायचं. दरवेळी मला आत्याची ताकीद आठवायची, आणि ती आठवल्याचं बरं वाटायचं.

दरम्यान नगरपालिकेची महानगरपालिका झाली, वस्तीचा रस्ता रुंद झाला. वडील खिळ्यांच्या धुळीने खोकत निवृत्त झाले. मी साप्ताहिकांत लिहू लागले. आत्याचे डोळे गेले, मग पोटाचं काही निघालं, आणि एका उन्हाळ्यात ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला सांगितलं. मी सुनावणीची हकीकत सांगितली. ती कशी उठली, 'मन फिरलं' कशी म्हणाली. लोकांनी डोळे पुसले. आतेबहीण पुढे सतरंजीवर बसली होती, मांडीवर धाकटी मुलगी. ती सतरंजीचे दोरे उपसत होती. नाव वडिलांच्या साक्षीने घातलं होतं. ते मागे घ्यायला वस्तीतली सगळी माणसं समोर होती. तरी मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली आणि खाली बसले. सुनावणीच्या दिवशी मी एकोणीस वर्षांची होते, असं तरी म्हणता येतं. त्या दिवशी मी सत्तावीस वर्षांची होते.

त्यानंतर वर्षाने मी देवळ्याला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. देवळ्यापासून पुढे तिच्या गावापर्यंत बैलगाडीतून गेले. दुपार होती. ती घरामागच्या कांद्याच्या चाळीत एकटीच बसून कांदा निवडत होती. सडका एकीकडे, चांगला एकीकडे. मी तिच्यासमोर पोत्यावर बसले आणि पाणी यायच्या आधीच सगळं सांगितलं. वरचं नाव, तळाशी उरलेली जागा, चहाचा कप, नळ. ती निवडत राहिली. माझं संपलं तेव्हा तिने हात थांबवला.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तू खोटं सांगितलंस."

"हो."

"आणि आईने तुला गप्प राहायला का सांगितलं?"

"तू माझ्याशी बोलायचं सोडशील म्हणून."

"तुझ्याशी बोललेच की मी. नऊ वर्षं. सणाला आले की आधी तुझ्या दारात." तिने एक कांदा उचलला, दाबून पाहिला आणि कुठल्या ढिगात टाकायचा ते न कळल्यासारखा हातात धरून ठेवला. "डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर इथे होती ती. एकदा दुपारी म्हणाली, तुला एक सांगायचं व्हतं. मी म्हटलं, उद्या सांग. माझे हात कामात होते. कामात होते म्हणजे काय, नव्हतेच. ऐकायचं नव्हतं."

"मग?"

"मग काय. पुन्हा नाही म्हणाली."

मी माफी मागितली. तिने हातातला कांदा तसाच खाली ठेवला. घरात गेली, चहा केला, मुलींना माझ्या पाया पडायला लावलं, नवऱ्याला माझी ओळख करून दिली, जणू मी सणाची पाहुणी. परतीच्या एसटीची वेळ झाली तेव्हा माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आली. फाट्यावर सावली नव्हती, दोघी उन्हातच उभ्या राहिलो. लांबून गाडीची धूळ दिसली.

"ताई, राग मानू नकोस," ती म्हणाली, "पण एवढ्यात पुन्हा येऊ नकोस. मला थोडे दिवस आईशी बोलू दे."

गाडी थांबली. मी चढले.